खाडीच्या वाट्याचं पाणी

निवडणूक कुठलीही असो, कोकणात सभा लागली की एक वाक्य ठरलेलं, "आपलं एवढं पाणी समुद्रात वाया जातं." टाळ्यापण पडतात. मला हे ऐकलं की खरंच राग येतो. समुद्रात गेलेलं पाणी वाया जात असतं तर आपल्याकडं पाऊस आला असता कुठनं?

हिशोब बघा ना. जगात जेवढ्या पाण्याची वाफ होते त्यातली साधारण ८६ टक्के एकट्या समुद्रावरची. बरीचशी पाऊस होऊन परत समुद्रावरच पडते, उरलेली वारा जमिनीवर आणतो, आणि सगळ्या नद्या मिळून वर्षाला अंदाजे ४० हजार घन किलोमीटर पाणी समुद्राला देतात ते हेच, आलं तेवढं परत. आपला मान्सूनचा वारा तर विषुववृत्ताच्या पलीकडनं निघतो, सोमालियाच्या किनाऱ्याजवळनं वळून अरबी समुद्रावरनं वाफ गोळा करत येतो, सह्याद्रीला अडतो आणि आंबोलीला वर्षाला ७ हजार मिलिमीटरच्या आसपास ओततो, सगळं मीठ मागे ठेवून.

आता कोणी म्हणेल, आपली एक नदी अडवली म्हणून समुद्र थोडाच आटणार आहे? नाही आटणार, पाऊसही कमी होणार नाही, मान्य. मार बसतो तो खाडीला.

रत्नागिरीजवळ भाट्याला काजळी नदी समुद्राला मिळते तिथं जुलैत जाऊन बघा, पाणी लालभडक गढूळ, आणि मे महिन्यात तेच पाणी तोंडात धरवत नाही इतकं खारट. मधल्या दिवसांत मचूळ. या बदलावर तर सगळं चाललंय, कांदळवन, कालवं, तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, चिंबोऱ्या. समुद्रातल्या कोळंबीची पिल्लं खाडीत येऊन वाढतात, नदीतली मोठी कोळंबी पिल्लं सोडायला खाली मचूळ पाण्यात उतरते, आणि अहिर, तो सापासारखा लांब मासा, तर आयुष्यभर नदीत राहून अंडी घालायला समुद्रात जातो! वरनं गोडं पाणी यायचं थांबलं की यांचं काय होणार ते कुठल्या सभेत बोलतात का कधी?

जमिनीखाली पण तेच. पुळणीतल्या, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूतल्या, विहिरीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं. समुद्राच्या पातळीपेक्षा १ फूट वर गोडं पाणी असेल तर खाली जवळजवळ ४० फूट गोड्याचा थर टिकतो. म्हणजे पंप लावून पातळी फूटभर उतरवली तर खालनं खारं पाणी ४० फूट वर चढायला बघतं. आमच्याकडं खाडीकडेच्या विहिरींना मे महिन्यात हे कळतं, डाळ शिजत नाही, चहा खारट लागतो, आणि तरी शेजारी नवी बोअर मारायचं काम चालूच.

मग पाणी अडवायचंच नाही का? अडवायचं, पण वर, डोंगरात. तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडून एप्रिलमध्ये टँकर येतो कारण उतार तीव्र, नद्या आखूड, जांभ्यात पाणी टिकत नाही, आणि जे थोडं मुरलं असतं ते जेसीबीनं डोंगर कापून आपण घालवलंय. दिवाळीच्या आधी पऱ्याला, वहाळाला माती-वाळूच्या गोणी लावून वनराई बंधारा घातला की आजूबाजूच्या विहिरींना मार्चपर्यंत तरी धीर येतो, आणि तेच पाणी झिरपत झिरपत शेवटी खाडीलाच जातं. उशिरा जाऊदे, पण जाऊदे.

आणि हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे कोयनेचं अवजल, म्हणजे वीज करून झाल्यावर सोडलेलं पाणी. वर्षाला ६७.५ टीएमसीपर्यंत (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) पाणी वीज करून पोफळीवरनं वाशिष्ठीत येतं, चिपळूणवरनं दाभोळ खाडीत जातं, आणि ते मुंबईला न्यायचं बोलणं अधूनमधून निघतंच. हे पाणी मुळात घाटावरचं हे खरं, पण १९६२ पासून येतंय, खाडीला आता त्याची सवय झालीय. मुंबईलापण पाणी लागतं, तिथं आपलीच माणसं राहतात, माझा त्याला विरोध नाही. पण नळ टाकायच्या आधी पाग (फेकजाळं) टाकणाऱ्यांना आणि ओहोटीला तिसऱ्या काढणाऱ्या बायकांना विचारा, खाडीला एप्रिल-मेमध्ये किती गोडं पाणी लागतं ते मोजा, तो आकडा कागदावर लिहा, आणि मग उरलेल्या पाण्याचं बोला.