चटका, गरम कप आणि माझी चुकलेली उपमा

नमस्कार. मज्जातंतूंना मी विजेच्या तारांची उपमा दिली होती आणि चटका बसल्यावर मेंदूला पत्ता लागायच्या आत हात मागे येतो, असं लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन आहेत. मज्जातंतू विजेच्या तारा असतील, तर निरोप मेंदूत पोचायला वेळ लागेलच का? चटका बसल्यावर 'मेंदूला पत्ता लागायच्या आत' हात मागे येतो, तर पोळत असलेला कप टेबलावर नीट कसा ठेवता येतो? आणि मज्जारज्जू (पाठीच्या कण्यातून जाणारी मज्जातंतूंची जाड दोरी) माकडहाडापर्यंत जात नाही, हे मी कशावरून म्हटलं?

पहिला आक्षेप मान्य. तारेची उपमा चुकलीच. तारेत विद्युतदाब एका टोकाला दिला की त्याचा परिणाम जवळपास प्रकाशाच्या वेगाने पुढे जातो. मज्जातंतूत निरोप टप्प्याटप्प्याने नव्याने तयार होतो. स्वस्थ चेतापेशीच्या (मज्जातंतू हा तिचाच लांब धागा) आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. हा आकडा उणे ५५च्या आसपास आला की सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतो आणि आतली बाजू क्षणभर धन होते. मग पोटॅशियम बाहेर पडून ती पुन्हा ऋण होते. हे सगळं एकदोन मिलिसेकंदांत होतं. तोवर शेजारच्या तुकड्यात तेच सुरू झालेलं असतं. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५०च्या सुमारास बेडकाच्या मज्जातंतूत हा वेग मोजला, तो सेकंदाला सुमारे ३० मीटर भरला. भरधाव गाडीचा वेग, विजेचा नव्हे.

सगळे तंतू सारख्या वेगाचेही नसतात. पायाचं बोट दाराला आपटलं की आधी टोचरी कळ येते आणि मग, थोडं थांबून, ठसठस. टोचऱ्या कळेचा निरोप मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचं पातळ आवरण असलेले तंतू नेतात, सेकंदाला ५ ते ३० मीटरने. ठसठशीचे तंतू उघडे आणि बारीक, वेग जेमतेम ०.५ ते २ मीटर. बोटापासून मज्जारज्जूपर्यंत अंदाजे एक मीटर धरा: पहिल्याला फार तर सेकंदाचा पाचवा भाग लागतो, दुसऱ्याला सेकंदभर सहज लागतो.

आता हात मेंदूला कळण्याआधी मागे का येतो ते. मानेतल्या मज्जारज्जूपासून मेंदू वीतभर वर, त्यामुळे 'अंतराने काय फरक पडतो' हा प्रश्न रास्त आहे. वेळ खातात ते पेशी-पेशींमधले सांधे. एका चेतापेशीतून दुसरीत जाताना निरोप रसायनाच्या रूपात फट ओलांडतो, प्रत्येक वेळी सुमारे अर्धा मिलिसेकंद. हात मागे घ्यायला मज्जारज्जूतल्या मोजक्या पेशी पुरतात: चटका टिपणारी संवेदी पेशी, मधल्या एकदोन पेशी, स्नायूला हलवणारी प्रेरक पेशी. त्याच वेळी कोपर सरळ करणाऱ्या स्नायूला 'सैल हो' असा निरोपही जातो, नाहीतर दोन्ही स्नायू एकमेकांविरुद्ध ओढत बसतील. 'भाजलं' ही जाणीव होण्यासाठी मात्र थॅलॅमस (मेंदूच्या आतलं संवेदना पुढे पाठवणारं केंद्र) आणि मेंदूच्या बाह्यकापर्यंत, म्हणजे बाहेरच्या थरापर्यंत, बराच व्यवहार व्हावा लागतो. स्पर्श जाणवल्यावर मुद्दाम बटण दाबायलासुद्धा १५० ते २०० मिलिसेकंद लागतात.

कपाचं उदाहरण उत्तम, आणि माझ्या वाक्यातली उणीव त्याने नेमकी दाखवली. मेंदूला पत्ता उशिरा लागतो हे खरं. त्याचा संबंधच नसतो असं वाटण्याजोगं मी लिहायला नको होतं. मेंदूतून खाली येणारे तंतू मज्जारज्जूतल्या त्याच मधल्या पेशींवर टेकलेले असतात आणि त्यांना सतत आवरत किंवा मोकळं सोडत असतात. कप गरम आहे हे आधीच ठाऊक असेल तर आवर आधीच लागलेला असतो. अनपेक्षित चटक्याला ती सवड मिळत नाही. शिवाय आवरालाही मर्यादा आहे. फारच पोळलं तर कप पडतोच.

तिसऱ्यावर मी ठाम आहे. प्रौढ माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. खाली उरतो तो मज्जातंतूंच्या मुळांचा झुपका, घोड्याच्या शेपटीसारखा. म्हणूनच पाठीतलं पाणी काढताना सुई तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये घालतात: तिथे मुळं द्रवात तरंगत असतात आणि सुईच्या टोकापुढून बहुधा बाजूला सरकतात.