मुटुबाचं झाड मरत नाही

‘एका कापडासाठी एक झाड ठार, युगांडाच्या सालीच्या वस्तू घरात आणू नका’ हा मेसेज आता आत्यापर्यंत पोचलाय. त्या वस्तू मशीनच्या, नकली आणि अशुभ, असंही त्यात आहे. युगांडाची राजधानी कंपालाहून आलेला, झाडाची साल ठोकून केलेल्या त्या कापडाचा दिव्याचा शेड तिनं माळ्यावर टाकून दिला. म्हणून हे लिहितोय.

झाड मरतं, हे धादांत खोटं आहे. हे कापड मुटुबाच्या सालीचं, आणि मुटुबा हे आपल्या वड-उंबराच्या कुळातलं झाड. पावसाळ्यात खोडाला वर-खाली गोल चीर देतात, मग एक उभी, आणि आतली साल अखंड सोलून काढतात. तिच्याखालच्या ओल्या थराला धक्का लागू देत नाहीत, कारण नवी साल तिथूनच येते. उघडं खोड लगेच केळीच्या पानांत गुंडाळतात. साल भरून आली की पुन्हा सोलतात. असं एकच झाड वर्षानुवर्षं कापड देतं. खोल घाव बसला तर ते वाळेल, एवढं मान्य. पण ज्याचं पोट त्या झाडावर आहे, तो असा घाव कशाला घालेल? उलट कापडाला गिऱ्हाईक उरलं नाही, तर तेच झाड तोडून कोळसा करायला कितीसा वेळ लागतो?

‘सगळं मशीनचं, नकली’ म्हणे. युगांडातल्या बागांडा लोकांची ही कला युनेस्कोनं २००५ साली मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून गौरवली आणि २००८ मध्ये यादीत घेतली. ती नोंद कुणीही वाचावी. न्गोंगे कुळाचे कारागीर, त्यांचा वंशपरंपरागत प्रमुख ‘कबोग्गोझा’, साल चटकन वाळू नये म्हणून छपरीत बसून वेगवेगळ्या लाकडी मोगऱ्यांनी ती ठोकत राहणं, सगळं तिथे आहे. एकोणिसाव्या शतकात अरब व्यापाऱ्यांचे तांडे सुती कापड घेऊन आले आणि हे काम मागे पडत गेलं, हेही आहे. आज पिशव्या, शेड, भिंतीवरची चित्रं विकली गेली, तर त्या हातांना काम मिळतं. तेच बंद करा म्हणून सांगणाऱ्याचा मला खरोखर राग येतो.

राहिलं ‘प्रेताला गुंडाळतात, म्हणून अशुभ’. गुंडाळतात, हे खरं. पण राज्याभिषेकालाही हेच कापड नेसतात, राजासाठी पांढरं किंवा काळं रंगवलेलं. घरात त्याचे पडदे होतात, डास अडवायला ते लावतात, अंथरुणालाही वापरतात. मेसेजवाल्यानं यातलं फक्त प्रेत उचललं.