कवच माणसाचं नाही, देशाचं आहे

आज एका ग्रुपवर पुन्हा तेच वाचलं, 'डिप्लोमॅटला कायदा लागूच होत नाही.' वर हसरे इमोजी. डोकंच फिरलं.

लागू होतो हो! डिप्लोमॅटना मिळणाऱ्या संरक्षणाबद्दलच्या १९६१च्या व्हिएन्ना करारात, ४१व्या कलमात सरळ लिहिलंय की जिथे राहता तिथले कायदे पाळा. फक्त तिथले पोलीस अटक करू शकत नाहीत आणि तिथल्या कोर्टात फौजदारी खटला चालत नाही. तेही कवच त्या साहेबाच्या मालकीचं नाही, त्याच्या देशाचं. देशाने मनावर घेतलं तर काढून घेता येतं.

भावाच्या बाइकला दूतावासाच्या गाडीने ठोकलं, तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात बसलाय. साहेबांनी काच खाली केली, कार्ड दाखवलं, काच वर. पोलिसाने वहीत नंबर लिहिला, पेन खिशाला अडकवलं आणि म्हणाला, "ताई, यापुढे आमचं काही चालत नाही." भाऊ तिथेच पाय धरून बसलेला.

त्या पोलिसाचं खरंच चालत नव्हतं. चालतं ते सरकारांचं. १९९७मध्ये वॉशिंग्टनला जॉर्जिया या देशाच्या दूतावासातल्या एका अधिकाऱ्याने दारू पिऊन गाडी चालवली, सोळा वर्षांची मुलगी गेली. जॉर्जियाने संरक्षण काढलं आणि तो तुरुंगात गेला. आणि २०१९मध्ये ब्रिटनमध्ये १९ वर्षांचा पोरगा गेला, तेव्हा गाडी चालवणारी अमेरिकन बाई विमानात बसून घरी. अमेरिकेने संरक्षण काढायला साफ नकार दिला. मैत्री वगैरे सगळी भाषणात!

हो, माहितीय. कवच नसेल तर उद्या कुठलंही चिडलेलं सरकार आपल्या माणसाला खोट्या केसमध्ये आत टाकेल. इराणच्या तेहरानमध्ये अमेरिकन दूतावासाचे ५२ जण ४४४ दिवस ओलीस होते. मान्य.

आपणही काही कमी नाही म्हणा. २०१३मध्ये न्यूयॉर्कला आपल्या वाणिज्य दूतावासातल्या (कॉन्सुलेटमधल्या) अधिकारी बाईंना अटक झाली, झडती झाली, तेव्हा आपण सगळे पेटलो होतो. झडतीचा राग मलाही आला होता. पण वाणिज्य दूतावासवाल्यांना संरक्षण मुळात कमी, ते कुणी बघितलं? आणि केस ज्यावरून झाली, त्या त्यांच्या घरी काम करणाऱ्या बाईच्या पगाराचं किती जणांनी विचारलं?

भावाचा पाय बरा झाला, भरपाई शून्य. म्हणून सांगते, पोलिसांना शिव्या घालण्याआधी त्या देशाला विचारा, संरक्षण काढताय का? नसाल काढत तर निदान स्वतःच्या कोर्टात तरी उभं करा. त्यांच्या घरच्या कोर्टापासून हा करार कुणालाच वाचवत नाही. किती सरकारं करतात असं, सांगा ना!