नातवासाठी ङातू

जावई प्रशांत महासागरातल्या टोंगा या देशाचा मिळाला की नातवाचा पहिला वाढदिवस केक कापून उरकता येत नाही. टोंगी घरात ते लग्नाच्या तोलाचे कार्य असते आणि त्यात ‘ङातू’ लागतो, म्हणजे हिआपो नावाच्या, तुतीच्या कुळातील झाडाची अंतर्साल लाकडी मोगरीने ठोकून आणि खळीने जोडून केलेले दालनभर कापड. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडची थंडी या झाडाला फारशी मानवत नाही, म्हणून ठोकलेली साल टोंगाहून आली. नक्षी मात्र बाळाच्या आजोळहून यावी, असे विहीणबाईंनी ठरवले. मी नोकरीत कालव्यांचे नकाशे काढत असे, हे लेकीने त्यांना आधीच सांगून ठेवले होते. कालवा निदान एका दिशेने वाहतो. वारसा चोहोबाजूंनी अंगावर येतो.

कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर विषय निघताच पुण्याच्या काकांनी शनिवारवाडा सुचवला. आमच्या घराण्याचा शनिवारवाड्याशी असलेला संबंध तिकीट काढून आत जाण्यापुरताच आहे, हे कोणी बोलले नाही. वहिनींना पैठणीवरचा मोर हवा होता आणि धाकट्या भावाने कुलदेवतेचा आग्रह धरला होता. पण ङातू जमिनीवर अंथरतात आणि राजघराण्याच्या लग्नात तर मंडळी त्यावरून चालतात, हे कळल्यावर कुलदेवता आपोआप मागे पडली. काका मात्र हटले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात टोंगाच्या राणी सालोते यांच्या प्रजेने पैसे जमवून ब्रिटनला स्पिटफायर विमाने दिली आणि पुढे ती ङातूवर उमटली, ही माहिती त्यांनी कुठून तरी मिळवली आणि ‘विमान चालते, मग वाडा का नाही?’ असा बिनतोड सवाल टाकला. राजवाड्याकडे जाणाऱ्या पाइन वृक्षांची रांगसुद्धा जुन्या नक्षीत आहे, ही गोष्ट मी त्यांच्यापासून कसोशीने लपवून ठेवली.

खरी अडचण कुपेसीची होती. केवड्याच्या पानांच्या बैठकीवर झावळीचे हीर शिवून हा उठावाचा साचा करतात, त्यावर साल पसरतात आणि कोका झाडाच्या किंवा कांदळाच्या सालीचा तपकिरी रंग बोळ्याने घासतात, म्हणजे खालची नक्षी वर उमटते. मग पुढच्या भागाखाली पुन्हा तोच साचा. एक शनिवारवाडा एकवेळ सोसता येईल, पण त्यांची वसाहत कोणाला पेलणार? शिवाय हीर पडला सरळ स्वभावाचा. मोराच्या मानेची वेलांटी त्याला मुळीच मान्य नव्हती. पत्नीचे माहेर रत्नागिरीकडचे. केवडा, हीर, रंगाचा कांदळ ही सगळी आपल्या गावची मंडळी आहेत, असे जाहीर करून तिने साचा ताब्यात घेतला आणि मला हीर साफ करण्याच्या कामावर नेमले.

अखेर विहीणबाईंनी मला ‘मानुलुआ’ ही पारंपरिक नक्षी दाखवली. तिच्यात दोन पक्षी असतात म्हणे. मी चष्मा पुसून, कापड फिरवून, स्वतः फिरून पाहिले. मला चार टोकदार पाती दिसली. ‘पक्षी दिसायला कशाला हवेत? आहेत, हे ठाऊक असले की झाले,’ त्या शांतपणे म्हणाल्या. कालव्यांच्या नकाशांत असला सिद्धान्त मिळाला असता, तर माझी बढती पाच वर्षे आधी झाली असती. मी आजीच्या ठिपक्यांच्या रांगोळीतले त्रिकोण घेतले, टोकाला टोक लावून मांडले आणि काकांना वाडा, वहिनींना मोर त्यातच असल्याचे स्वतंत्रपणे कळवले.

संमतीचा अधिकार विहीणबाईंकडेही नव्हता. टोंगात बाळाच्या आत्येचा, म्हणजे मेहेकिताङाचा, मान सर्वांत वरचा आणि आईकडच्यांचा खालचा. मुलीकडच्यांनी नमते घ्यायचे, हे आम्हांला समजावून सांगावे लागले नाही. ते आम्ही सामानातूनच आणले होते. मेहेकिताङांनी त्रिकोणांकडे बराच वेळ पाहून, बाह्यरेषा केवड्याच्या फळाच्या कुंचल्याने अधिक काळ्या कराव्यात, एवढाच हुकूम सोडला. माझी बहीण, आपणही कोणाची तरी आत्या आहोत या हक्काने, पुण्याहून व्हिडिओ कॉलवर हजर होती. नक्षीबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. तिचे लक्ष काठावर ओळीने लिहिलेल्या आकड्यांकडे गेले होते. ते ङातूचे ‘लाङाङा’ नावाचे भाग मोजण्यासाठी असतात, असे मी तिला समजावले.

‘म्हणजे आहेर केवढा, ते त्याच्या काठावरच लिहून टाकतात?’ ती म्हणाली. ‘दादा, हे आपल्याकडे ताबडतोब सुरू करायला हवे.’