गाडी जहाजावर चढण्याआधी

२०२५ च्या जुलैत एका रविवारी सकाळी लेस्टरहून माझ्या मामेभावाचा फोन आला. "दादा, माझी गाडी बाबांसाठी पाठवायची ठरवली आहे. इथे विकायला गेलो तर कवडीमोल भाव येतो आणि बाबांना दवाखान्यात जायला रिक्षा मिळत नाही. कागदांचे तेवढे तू बघशील ना?" माझे मामा ठाण्यात राहतात, वय ७४, दोन्ही गुडघे दुखरे. मुलाची भावना मला पुरेपूर समजत होती, पण त्याच्या पुढच्या वाक्याने मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. तिथल्या एजंटने जहाजावर जागा धरून ठेवली होती आणि फक्त आगाऊ रक्कम भरणे बाकी होते.

गेली २६ वर्षे मी फोर्टमधल्या एका क्लिअरिंग एजंटच्या कार्यालयात आयातीच्या कागदपत्रांचे काम करतो. जुन्या गाड्या आमच्याकडे क्वचित येतात, वर्षाला एखाददुसरी, पण कार्यालयात सर्वांत जास्त अश्रू मी त्याच फायलींवर पाहिले आहेत. कंपनीचा माल अडला तर पैसा अडतो. माणसाची स्वतःची गाडी अडते तेव्हा तिच्यासोबत घरातल्या कोणाला तरी दिलेला शब्दही अडतो. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. कायमचे भारतात परतणाऱ्यांसाठी वेगळ्या तरतुदी आहेत, त्यांचा विषय इथे घेत नाही. परदेशात राहणाऱ्या नातेवाइकाने वापरलेली गाडी इकडे पाठवणे, एवढ्यापुरतेच हे लिखाण आहे.

२००१ साली भारताने आयातीवरचे परिमाणात्मक, म्हणजे किती माल आणता येईल यावरचे, निर्बंध उठवले, तेव्हा वापरलेल्या गाड्यांची आयातही खुली झाली, पण तिच्याभोवती अटींचे कुंपण घालूनच. गाडी उत्पादनाच्या तारखेपासून तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी. स्टिअरिंग उजव्या बाजूला असावे. वेगदर्शक किलोमीटरमध्ये वेग दाखवणारा असावा. हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा असावा. भारतात आल्यापासून किमान पाच वर्षे ती रस्त्यावर चालण्यायोग्य राहील आणि त्या काळात तिच्या दुरुस्तीची सोय देशात उपलब्ध असेल, असे प्रमाणपत्रासह लिहून द्यावे लागते. निघण्यापूर्वी तिकडे तपासणी आणि इथे उतरल्यावर, ताबा मिळण्याआधी, पुण्याची एआरएआय किंवा पूर्वीच्या अहमदनगरची व्हीआरडीई यांसारख्या वाहने तपासणाऱ्या संस्थेची चाचणी. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे, वापरलेली गाडी देशात फक्त मुंबई बंदरातूनच आणता येते.

ही शेवटची अट वाचताना भलेभले फसतात. नव्या गाड्यांसाठी जी बंदरांची यादी आहे तिच्यात मुंबई आणि न्हावा शेवा ही दोन नावे स्वतंत्रपणे दिलेली आहेत. वापरलेल्या गाडीच्या अटीत मात्र केवळ मुंबई आहे. परदेशातला एजंट बोलताना 'मुंबई' म्हणतो आणि कंटेनर न्हावा शेव्याला उतरवतो, कारण कंटेनरची बहुतांश वाहतूक तिथेच होते. खाडीपलीकडचे ते बंदर त्याच्या नकाशावर मुंबईच असते, पण सीमाशुल्काच्या दृष्टीने ते वेगळे ठाणे आहे. म्हणून बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनी मालासाठी देते त्या कागदावर, माल उतरवण्याच्या बंदराच्या रकान्यात नेमके काय छापले जाणार, हे आगाऊ रक्कम भरण्याआधी लेखी विचारून घ्यावे.

मामेभावाच्या गाडीचे घोडे अडले ते पहिल्याच अटीवर. त्याचे म्हणणे असे की गाडी सप्टेंबर २०२२ ची आहे, ऑगस्टमध्ये मुंबईत उतरली तर तीन वर्षे पूर्ण होत नाहीत. तिच्या नंबरप्लेटवर '७२' हा आकडा होता आणि ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ सप्टेंबर २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळातली नोंदणी असा होतो, हे अगदी खरे आहे. पण तो आकडा नोंदणीचा आहे. आपला नियम उत्पादनाची तारीख पाहतो. ब्रिटिश नोंदणीपत्रावर, ज्याला तिथे व्ही-फाइव्ह-सी म्हणतात, पहिल्या नोंदणीची तारीख असते, गाडी कारखान्यातून कधी बाहेर पडली ते त्यावर नसते. अमेरिकेतल्या गाड्यांच्या चॅसी नंबरमधले दहावे अक्षर मॉडेलचे वर्ष सांगते. युरोपातल्या सगळ्याच कंपन्या ती पद्धत पाळत नाहीत, त्यामुळे तिकडे चॅसी नंबरवरून अंदाज बांधणे धोक्याचे आहे. राहतो एकच भरवशाचा कागद, तो म्हणजे खुद्द उत्पादक कंपनीचे पत्र.

मी त्याला सांगितले, "तू एक पैसाही भरू नकोस, आधी कंपनीकडून उत्पादनाच्या तारखेचे पत्र घे." त्याला ते पटले नाही, आवाजात थोडी नाराजीही होती. एजंट कसलीच शंका घेत नव्हता, मग घरचाच माणूस का खोडा घालतो आहे, असे त्याला वाटले असणार. नऊ दिवसांनी पत्र आले. गाडी मे २०२२ मध्ये तयार झाली होती. विक्रेत्याच्या आवारात ती उन्हाळाभर उभी होती आणि सप्टेंबरचा नवा आकडा सुरू झाल्यावर तिची नोंदणी झाली. म्हणजे त्याने फोन केला त्या दिवशीच तिची तीन वर्षे उलटून गेली होती. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३ च्या अखेरीपासून अनेक जहाजे सुएझ टाळून आफ्रिकेला वळसा घालत होती, त्याचे जादा दिवस तर आणखी वेगळे. ती गाडी इथे उतरली असती तर विनापरवाना आणलेला निर्बंधित माल ठरून जप्तीस पात्र झाली असती आणि दंड भरून सोडवता आली असती तरी जबर किंमत मोजूनच.

या निमित्ताने दुसरीही एक गोष्ट उघडकीस आली. आपल्याकडे आरसी बुकावर ज्याचे नाव तो मालक, अशी सवय असल्याने आपण तिकडचे नोंदणीपत्रही तसेच वाचतो. व्ही-फाइव्ह-सी वर मात्र स्पष्ट छापलेले असते की हा मालकीचा पुरावा नाही. त्यावर नाव असते ते गाडी वापरणाऱ्या, तिची जबाबदारी घेणाऱ्या नोंदणीकृत व्यक्तीचे. गाडी हप्त्यांवर घेतली असेल तर शेवटची रक्कम फिटेपर्यंत मालक वित्तसंस्था असते आणि तिच्या संमतीशिवाय गाडी कायमची देशाबाहेर नेता येत नाही. मामेभावाचे चार हप्ते राहिले होते. एजंटने त्याला हे एकदाही विचारले नव्हते, याचा मला आजही राग आहे. खरेदीची पावती, कर्ज फिटल्याचे पत्र आणि कायमच्या निर्यातीची सूचना तिथल्या वाहन नोंदणी कार्यालयाला दिल्याचा पुरावा, हे तीन कागद हातात नसताना जहाजावर जागा धरणे हा ग्राहकाशी सरळसरळ खेळ आहे.

शुल्काबद्दलचा गैरसमज तर घरोघरी आहे. "भेट म्हणून पाठवतो आहे, मग कर कसला?" हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकला आहे. गाडी भेट म्हणून आली तरी तिचे मूल्य शून्य होत नाही. सीमाशुल्क कायदा, १९६२ मधील कलम १४ आणि २००७ चे मूल्यनिर्धारण नियम यांनुसार ते ठरवले जाते आणि त्यावर पूर्ण शुल्क लागते. वापरलेल्या मोटारीवर अनेक वर्षे मूळ शुल्क १२५ टक्के होते आणि त्यावरच्या अधिभारासह ते १३७.५ टक्के पडत असे. २०२५ च्या अर्थसंकल्पात मूळ शुल्क ७० टक्क्यांवर आणल्याची बातमी वाचून मला तीन जणांनी आनंदाने फोन केले. त्यांना सांगावे लागले की त्याच वेळी ६७.५ टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर लावला गेला आहे, बेरीज पुन्हा १३७.५ च आहे. समजा गाडीचे मूल्य १० लाख रुपये धरले गेले, तर यापोटी १३ लाख ७५ हजार. मग २३ लाख ७५ हजारांवर एकात्मिक जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या दरांनी लहान पेट्रोल गाडीला १८ टक्के म्हणजे ४ लाख २७ हजार ५००, मोठ्या गाडीला ४० टक्के म्हणजे साडेनऊ लाख. म्हणजे दहा लाखांच्या लहान गाडीवर १८ लाखांहून अधिक आणि मोठीवर सव्वातेवीस लाख रुपये नुसता कर. बंदराचे भाडे, चाचणी, एजंटचे शुल्क आणि आरटीओचा कर याच्या वरचा.

हा कर जाचक आहे का? माझे प्रामाणिक मत असे की अटी आणि कर यांमागचा हेतू चुकीचा नाही. श्रीमंत देशांनी टाकून दिलेल्या गाड्यांचा ढीग आपल्या रस्त्यांवर येऊ नये आणि पुण्या-चाकणच्या कारखान्यांतल्या कामगाराचे काम जाऊ नये, हे मला मान्य आहे. माझी तक्रार नियम सांगण्याच्या पद्धतीबद्दल आहे. माणसाला नियम कळतो तो गाडी बंदरात उतरल्यावर, जेव्हा मागे फिरण्याचा रस्ताच उरलेला नसतो.

काही वर्षांपूर्वीचा एक प्रसंग सांगतो. गोरेगावच्या एका गृहस्थांची गाडी सिंगापूरहून आली होती. वयाची, स्टिअरिंगची, बंदराची, सगळ्या अटी पूर्ण होत्या आणि कागद व्यवस्थित लावलेले होते. तपासणीच्या दिवशी धो धो पाऊस होता. शेडमध्ये अंधार, म्हणून मी मोबाइलचा उजेड पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यावर धरला, चिखलाचे शिंतोडे रुमालाने पुसले आणि चॅसी नंबरची १७ अक्षरे एकेक करून मोठ्याने वाचली. अधिकारी समोर बिल ऑफ लेडिंगची प्रत घेऊन उभे होते. बाराव्या जागी ते थांबले. गाडीवर शून्य होते आणि कागदावर इंग्रजी 'ओ'. चॅसी नंबरमध्ये आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीच वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. म्हणजे तो कागद पाहताक्षणी चुकीचा ठरायला हवा होता. जहाज कंपनीच्या टंकलेखकाने चूक केली, पण ती आमच्या कार्यालयात कोणाच्याच नजरेस आली नाही, माझ्याही नाही. मग सिंगापूरहून दुरुस्त कागद मागवणे, मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे जहाजावरच्या मालाच्या यादीत, दुरुस्तीचा अर्ज, त्याची मंजुरी. या सगळ्यात अकरा दिवस गेले आणि अकराही दिवस भाड्याचे मीटर चालू होते. ते गृहस्थ रोज संध्याकाळी कार्यालयात येऊन शांतपणे बसत, एका शब्दाने कोणाला दुखावले नाही. त्या दिवसापासून कोणत्याही गाडीची फाइल उघडली की मी आधी तीच १७ अक्षरे पेन्सिलने खूण करत तपासतो.

ही चूक जहाज सुटण्यापूर्वी एका फोनवर दुरुस्त झाली असती. माझी मागणी इतकीच आहे. देशात येणाऱ्या वापरलेल्या गाडीला जर एकच दार असेल आणि ते मुंबईत असेल, तर त्या दाराशी आगाऊ विचारणा करण्याची खिडकी असावी. उत्पादनाच्या तारखेचे पत्र, खरेदीची पावती, चॅसी नंबरचे छायाचित्र आणि बिल ऑफ लेडिंगचा मसुदा पाठवला की पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे: गाडी चालेल किंवा चालणार नाही आणि अंदाजे शुल्क इतके. बॅलार्ड इस्टेटच्या न्यू कस्टम हाऊसमध्ये आगाऊ निवाड्यांचे प्राधिकरण आहे, तिथे कायद्याने तीन महिन्यांत निर्णय मिळतो, पण ती वाट वर्गीकरण, मूल्य, अधिसूचना अशा प्रश्नांसाठी आणि प्रामुख्याने व्यापाऱ्यांसाठी आहे. ठाण्यातल्या निवृत्त माणसाला हवे आहे ते याहून कितीतरी साधे. आणि नियमांचे एक पान मराठीत असावे. मामा चाळीस वर्षे लेखा विभागात नोकरी केलेले गृहस्थ, तरी आयात धोरणाच्या त्या इंग्रजी टिपा त्यांना मी दोनदा समजावून सांगितल्या.

खरा कागद मिळवणे अवघड झाले की खोट्याचा धंदा वाढतो. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये केरळात सीमाशुल्क विभागाने 'ऑपरेशन नुमखोर' नावाने छापे घातले. भूतानमार्गे आणलेल्या जुन्या आलिशान गाड्यांची बनावट कागदांवर इतर राज्यांत नोंदणी केल्याचा विभागाचा आरोप आहे. अशी गाडी तिसऱ्या-चौथ्या हाताने घेणाऱ्याला आपण काय विकत घेतले हे कळतही नसते. म्हणून कोणी तुम्हाला 'इम्पोर्टेड' गाडी स्वस्तात देत असेल, तर आरसी पाहून थांबू नका. सीमाशुल्क भरल्याचे बिल ऑफ एंट्री मागा आणि त्यावरचा चॅसी नंबर स्वतः गाडीशी ताडून पाहा.

मामेभावाने शेवटी ती गाडी लेस्टरमध्येच विकली आणि पैसे वडिलांना पाठवले. मामांनी त्यातून ठाण्यातच एक चार वर्षांची गाडी घेतली. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करताना त्यांनी माझ्याकडून प्रत्येक रकाना वाचून घेतला. आता मंगळवारी आणि शुक्रवारी शेजारचा मुलगा त्यांना दवाखान्यात नेतो. तुमच्यापैकी कोणाच्या घरी अशी गाडी पाठवण्याचा विचार चालू असेल, तर जहाजावर जागा धरण्याआधी मला इनबॉक्समध्ये लिहा. उत्पादनाच्या तारखेचे पत्र सोबत जोडा, मी संध्याकाळी सातनंतर वाचून उत्तर देईन.