तासाला ९० डॉलर, पण कोणत्या तासाला?

अमेरिकेतल्या रीजनल एअरलाइनच्या, म्हणजे मोठ्या कंपन्यांसाठी जवळची उड्डाणं करणाऱ्या छोट्या एअरलाइनच्या, नव्या पायलटबद्दल एक मजकूर सध्या जोरात फिरतोय. फर्स्ट ऑफिसर (कॅप्टनच्या शेजारचा सहवैमानिक) म्हणून रुजू झालात की तासाला ९० डॉलर; महिन्याचे १६० तास धरले तर १४,४०० डॉलर. वर निम्मा महिना सुट्टी, विमानप्रवास फुकट आणि दोन वर्षांत मोठ्या एअरलाइनमध्ये नोकरी. शेवटी सल्ला: कर्ज काढा आणि फ्लाइंग स्कूल गाठा.

यातला ९० चा आकडा खरा आहे, आणि म्हणूनच बाकीचं सगळं खपून जातं. २०२२ च्या उन्हाळ्यात अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या पिडमाँट, एन्व्हॉय आणि पीएसए या कंपन्यांनी पहिल्या वर्षाचा दर साधारण तिथवर नेला. त्यातला काही भाग सुरुवातीला तात्पुरता होता. मग इतरांनाही दर वाढवावे लागले. या दरांवर माणूस नीट उभा राहू शकतो, यात वाद नाही.

पण १६० तास? हा हिशेब लिहिणाऱ्याने ऑफिसातली नोकरी डोळ्यांपुढे ठेवली आहे. पायलटचा पगार मोजला जातो ब्लॉक टाइमवर: विमान गेटवरून हललं की सुरू, दुसऱ्या गेटला लागलं की बंद. त्याआधीची विमानाची तपासणी, हवामानाचा अभ्यास, दोन उड्डाणांमधले विमानतळावर बसून काढलेले तीन तास, हे या मीटरवर येत नाहीत. दिवसभर गणवेशात राहून पाच तासांचे पैसे मिळणं ही रोजची गोष्ट आहे. बऱ्याच करारांत दिवसाला किमान अमुक तास धरायची तरतूद असते, तेवढाच आधार.

शिवाय १६० तास उडायला कायद्याची परवानगीच नाही. अमेरिकेच्या नियमांनुसार २८ दिवसांत १०० तास आणि वर्षात १,००० तास ही उड्डाणाची कमाल मर्यादा आहे. म्हणजे एकही तास वाया न घालवता कोणी कायद्याच्या टोकापर्यंत उडाला, तरी उड्डाणाचे होतात वर्षाला ९०,००० डॉलर. मजकुरातल्या हिशेबाने ते १,७२,८०० व्हायला हवेत.

प्रत्यक्षात नव्या माणसाने धरायचा आकडा म्हणजे महिन्याची गॅरंटी: उड्डाण कमी झालं तरी जेवढ्या तासांचे पैसे मिळणारच ते. ती साधारण ७५ तासांच्या आसपास असते. ७५ गुणिले ९०, म्हणजे महिन्याला ६,७५० आणि वर्षाला ८१,०००. २०२४ च्या दरांनी, एकट्या माणसाचा केंद्राचा आयकर आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरची कपात गेली की हातात महिन्याला सुमारे ५,४०० उरतात. राज्याचा कर आणि आरोग्य विम्याचा हप्ता अजून त्यात धरलेलाच नाही. बेसबाहेर, म्हणजे जिथून ड्युटी सुरू होते त्या विमानतळापासून दूर असताना जेवणखाणासाठी तासागणिक पर डिएम मिळतं, पण ते खर्च होण्यासाठीच असतं.

मजकूर ज्या कर्जाबद्दल एका ओळीत बोलतो, ते याच रकमेतून फेडायचं असतं. शून्यापासून प्रशिक्षणाला लाखभर डॉलर लागणं आज नवलाचं नाही. १ लाख डॉलर, १० टक्के व्याज, १० वर्षं असं धरलं तर हप्ता येतो १,३२० डॉलर. आणि कमर्शियल लायसन्स हातात आलं म्हणजे एअरलाइनचं दार उघडलं असंही नाही. साधारण २५० तासांना ते लायसन्स मिळतं. एअरलाइनला लागतात १,५००, विमानविद्येची पदवी असेल तर १,०००. मधले तास बहुतेक जण शिकाऊंना शिकवून भरतात. विद्यार्थी आला नाही किंवा ढग खाली आले की त्या दिवसाची कमाई गेली. कर्जावरचं व्याज मात्र चालूच. खरी ओढाताण आज या टप्प्यात आहे, आणि मजकुरात तो टप्पाच नाही.

निम्मा महिना सुट्टी? नव्याच्या वाट्याला बहुधा रिझर्व्ह येतं: फोन वाजला की ठरलेल्या वेळात विमानतळावर हजर. बेसही सीनियॉरिटीने, म्हणजे कंपनीतल्या ज्येष्ठतेने मिळतो, त्यामुळे नव्याला इतरांना नको असलेला. घर दुसऱ्या शहरात असेल तर ड्युटीच्या आदल्या दिवशी रिकाम्या सीटवर किंवा जंपसीटवर (कॉकपिटमधली जादा सीट) बसून यायचं आणि क्रॅशपॅडमध्ये, चार-सहा जणांच्या खोलीत, भाड्याच्या बंकवर झोपायचं. हा प्रवास स्वतःच्या सुट्टीतून जातो. ‘फुकट विमानप्रवास’ म्हणतात तो बराचसा हाच. सीट भरली तर तोही नाही.

उलट बाजूचे लोक मग २००९ च्या गोष्टी काढतात: पायलट कंगाल, गरिबांच्या सरकारी मदतीवर जगतो वगैरे. तेव्हा ते बरंच खरं होतं. तासाला २०-२५ डॉलर आणि तीच ७५ तासांची गॅरंटी म्हटल्यावर वर्षाला २० हजारांच्या आसपासच येतं. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान कोसळून ५० माणसं गेली. त्यातली तरुण फर्स्ट ऑफिसर आदल्या रात्री सिअ‍ॅटलहून मालवाहू विमानाने निघून मेम्फिसमार्गे नेवार्कला ड्युटीवर आली होती. चौकशीत तिचा तुटपुंजा पगार निघाला, तेव्हा देश हादरला. (अपघाताचं कारण मात्र पगार नव्हे, कॅप्टनची चुकीची प्रतिक्रिया असं तपास मंडळाने ठरवलं; हेही अनेकदा विसरलं जातं.) १,५०० तासांची अट त्यानंतरच्या कायद्यातून आली, आणि पुढे पायलट कमी पडू लागल्यावर पगार वाढले, त्यामागे या अटीचाही हात होता. ते दारिद्र्य आज पायलटच्या पगारावर चिकटवणं म्हणजे जुन्या पावतीवर नवं बिल मागणं.

राहिली दोन वर्षांत मोठी एअरलाइन. २०२२-२३ मध्ये असं झालेले लोक आहेत. २०२४ मध्ये भरतीचा वेग ओसरला, स्पिरिट या एअरलाइनने तर पायलट घरी बसवले. आधीही असं झालंय: डिसेंबर २००७ मध्ये पायलटच्या निवृत्तीचं वय ६० वरून ६५ झालं, वरच्या जागा रिकाम्या होईनात, पाठोपाठ मंदी आली, आणि तेव्हाचे रीजनल पायलट वर्षानुवर्षं तिथेच अडकले. कॅप्टन व्हायलाही आधी एअरलाइनमधले १,००० तास लागतात, आणि रिझर्व्हवर बसून ते लवकर भरत नाहीत. कंपनी बदलली की सीनियॉरिटी पुन्हा शेवटच्या नंबरापासून.

तेव्हा भरतीवाला भेटला तर दर विचारू नका, तो जाहिरातीत असतोच. गॅरंटी किती तासांची, ट्रेनिंगच्या महिन्यांत काय मिळतं, आणि जॉइनिंग बोनस घेऊन लवकर सोडलं तर किती परत मागता, एवढं विचारा.