पत्रा, परीघ आणि परोपदेश

पातळ पत्रा कापण्याविषयी सल्ला देण्यासाठी आयुष्यात कधी पत्रा कापलेला असावा लागत नाही. माळ्यावर एखादे अवजार पडलेले असले की पुरते. ज्याच्याकडे ग्राइंडर आहे तो ग्राइंडर सुचवतो, ज्याच्याकडे करवत आहे तो करवत सुचवतो, आणि ज्याच्याकडे काहीच नाही तो ‘एखादी चांगलीशी कात्री बघा’ असे म्हणून चहाची वाट पाहत बसतो. पत्रा किती जाडीचा आहे आणि त्यातून नेमके काय कापून काढायचे आहे, हे दोन प्रश्न मला कोणीही विचारले नाहीत.

कापायचे होते ते एक वर्तुळ. स्वयंपाकघराच्या खिडकीतील एक काच काढून तेथे ९ इंची एक्झॉस्ट फॅन बसवायचे घरात ठरले होते. प्लायवूड वाफेने फुगते, लोखंडी पत्रा गंजतो, म्हणून ॲल्युमिनियम निवडले. ते वजनाला लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश असते, गंजत नाही, आणि मऊ असते. या तिसऱ्या गुणामुळेच सारे घोटाळे होतात. कठीण धातू निदान उघडपणे विरोध तरी करतो. मऊ धातू विरोध न करता दुमडतो, वाकतो आणि अवजारालाच चिकटून बसतो.

पत्रा आणायला मी रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. तेथे पत्र्याची जाडी गेजमध्ये मोजतात आणि आकडा जसा वाढतो तसा पत्रा पातळ होत जातो, त्यामुळे ‘जरा जाड द्या’ म्हणताना लहान आकडा सांगावा लागतो. २२ गेज म्हणजे सुमारे ०.७ मिलिमीटर, असा पत्रा पंख्याबरोबर थरथरत राहतो. १८ गेज म्हणजे १.२ मिलिमीटर, तो कापताना आपण थरथरतो. मी मधला २० गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटरचा घेतला. दुकानदाराने आपल्या यंत्रावर चारही बाजू मापात कापून दिल्या, आणि माझे स्पष्ट मत आहे की सरळ काप हे दुकानातच मारून घ्यावेत. घरी सरळ रेष कापण्याचा हट्ट धरण्यात कोणताही पुरुषार्थ नाही. ‘बाकी गोल तुम्ही घरी काढाल, साहेब,’ असे तो ज्या सहजतेने म्हणाला, त्यावरून त्याने घरी कधी गोल काढला नसावा.

ग्राइंडर मेहुण्याचा होता. ‘दाजी, दोन मिनिटांचं काम आहे,’ असे म्हणून तो यंत्र घेऊनच आला. चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला सुमारे ११ हजार फेरे घेते, आणि लोखंड कापायची साधी चकती ॲल्युमिनियमवर चालवली की ६६० अंश सेल्सिअसला वितळणारा हा धातू मऊ पडून तिच्या खरखरीत कणांच्या फटींत लिंपला जातो. मग चकती कापायचे सोडून नुसती घासते, तापते आणि प्रसंगी फुटतेही. शिवाय ग्राइंडरने वर्तुळ कापायचे म्हणजे फारतर अष्टकोन मिळतो. हे सर्व मी मेहुण्याला सांगितले, पण त्याचा उत्साह मावळला तो ॲल्युमिनियमच्या ठिणग्या उडत नाहीत हे कळल्यावर. यंत्र तो परत घेऊन गेला.

शेजारचे निवृत्त काका हॅकसॉ, म्हणजे धातू कापायची हातकरवत, घेऊन आले. ब्लेड नवे होते, इंचाला २४ दात असलेले, आणि काकांची श्रद्धा अढळ होती. इंचाला २४ दात म्हणजे दोन दातांमधले अंतर एक मिलिमीटरहून किंचित अधिक, आणि माझा पत्रा ०.९ मिलिमीटरचा, म्हणजे तो कापला जाण्याऐवजी दोन दातांच्या मधल्या खाचेत जाऊन बसणार आणि ब्लेड आचके देत अडकणार. ३२ दातांचे ब्लेड आणून आणि पत्रा प्लायवूडच्या दोन तुकड्यांत आवळून हे टाळता येते. पण हॅकसॉच्या चौकटीची पाठ पत्र्याच्या कडेला टेकली की करवत पुढे जात नाही, आणि वर्तुळ तर पत्र्याच्या मधोमध. ‘मग भोक कडेला घे ना,’ असे काका म्हणाले. पंखा कोपऱ्यात बसवला तर बिघडले कोठे, हे त्यांना शेवटपर्यंत कळले नाही.

खरे ज्ञान सुताराकडे होते. जुन्या ब्लेडला घासून केलेल्या आकडीसारख्या सनमायका कटरने त्याने एका तुकड्यावर पट्टीच्या आधाराने पाच-सहा वेळा रेघ ओढली, तुकडा टेबलाच्या कडेवर ठेवून खालीवर वाकवला आणि तो कट्‌कन तुटला. वाकवल्याने ॲल्युमिनियम त्या रेषेवर ताठर होत जाते आणि शेवटी तुटते, त्यामुळे सरळ कापासाठी यापेक्षा स्वस्त आणि स्वच्छ उपाय नाही. मात्र ही रेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत जावी लागते. वर्तुळ कोणत्या बाजूने वाकवायचे, याला सुताराकडे उत्तर नव्हते. इलेक्ट्रिशियनचे म्हणणे असे की परिघावर ड्रिलने ओळीने भोके पाडून मधला भाग छिन्नीने उडवावा. पंख्याच्या कड्यासाठी १० इंच व्यासाचे भोक हवे होते. त्याचा परीघ जवळजवळ ८०० मिलिमीटर, आणि दर पाच मिलिमीटरला एक भोक धरले तर दीडशेहून अधिक भोके होतात. ती पाडायला तो स्वतः येणार होता का, असे विचारल्यावर त्याला दुसरीकडे वायरिंगचे काम निघाले. जिगसॉ, म्हणजे खालीवर चालणाऱ्या पात्याची विजेची करवत, आणि निबलर, म्हणजे पत्र्याचे छोटे छोटे लचके तोडत पुढे जाणारे अवजार, यांचीही चौकशी मी केली. निबलर वर्तुळाला फार उत्तम, पण पत्र्याचे टोकदार चंद्रकोरी तुकडे तो घरभर उडवतो, आणि आमच्या स्वयंपाकघरात सगळे अनवाणी वावरतात.

शेवटी मी पत्र्याच्या कात्रीवर आलो. घरातली कात्री पत्नीने या प्रकरणाची कुणकुण लागताच कपाटात कुलूपबंद केली होती, आणि ते योग्यच होते. बाजारात ज्याला एव्हिएशन स्निप म्हणतात ती कात्री विमानांचे पत्रे कापण्यासाठी निघाली. तिच्या दुहेरी तरफेमुळे हाताला जोर कमी लागतो. तिच्या मुठी तीन रंगांत येतात: पिवळी सरळ कापते, हिरवी उजवीकडे वळते आणि लाल डावीकडे. लाल दिसताच डावीकडे वळावे हे पुणेकराला वेगळे शिकवावे लागत नाही, म्हणून मी लाल घेतली.

खूण मार्करने केली. शिसपेन्सिलीतले ग्राफाइट ओलाव्यात ॲल्युमिनियमला खात जाते, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ओलाव्याला तोटा नसतो. मग मधोमध कात्रीचे नाक शिरेल एवढे भोक पाडले आणि तेथून फिरत फिरत, घड्याळाच्या उलट दिशेने, रेषेपर्यंत गेलो. या कामात एकच पथ्य आहे: पाती टोकापर्यंत पूर्ण मिटू द्यायची नाहीत, नाहीतर प्रत्येक घासाच्या शेवटी कडेवर एक काटा उठतो. हातमोजे घालून, जीभ दातांत धरून मी ते पाळले. नंतर कडेवरून कानस फिरवली. ॲल्युमिनियमने कानशीचे दातही भरतात, म्हणून तिच्यावर आधी खडू घासून घेतला. भोक गोल आले. पंखा बसला.

एवढ्यात पत्नी आत आली आणि तिने पंख्याकडे न पाहता विचारले, ‘अहो, आतली चकती कुठे आहे? पिठाच्या डब्याला झाकण म्हणून मी ती धरून ठेवली होती.’ मध्यापासून फिरत बाहेर जाणारी कात्री चकती शिल्लक ठेवत नाही; ती चकती अख्खी हवी असेल तर निबलर, जिगसॉ किंवा ती दीडशे भोके, असे तीनच मार्ग उरतात, हे मी तिला सविस्तर समजावले. तिने जमिनीवरचा तो वेटोळा उचलला. ‘म्हणजे ही चकली मी डब्यावर ठेवू?’ असे विचारून ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, ‘पण झाकण कापायला बाहेरून आत यायचं असतं, त्याला तर ही कात्री चालेल ना? कोपऱ्यातला उरलेला पत्रा मी मघाशीच मोजलाय. नऊ इंच सहज निघतंय.’ तांत्रिकदृष्ट्या तिच्या म्हणण्यात काहीच खोट नव्हती. डबाही तिने आधीच रिकामा करून ठेवला होता.